चष्मेवाल्यांचा दगड

पिवळा कागद टीपकाकूंना लांबूनच दिसला. दफनभूमीतल्या चष्मेवाल्यांच्या दगडावर कुणीतरी तो चिकटपट्टीनं डकवला होता आणि एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं. काकूंना वाटलं, कसली तरी जाहिरात असेल. हल्ली लोक कुठंही काहीही चिकटवतात. रागारागानं तो ओढून काढायला त्या पुढे झाल्या, चष्मा नाकावर चढवून सहज वाचलं आणि हात तिथल्या तिथे थांबला.

या रांगेतल्या जागांची मुदत संपली आहे, नातेवाइकांनी कार्यालयात येऊन भेटावं, त्यानंतर जागा मोकळ्या करण्यात येतील, असं त्यावर छापलं होतं.

काकूंनी मान वर करून पाहिलं. नळापासून भिंतीपर्यंत सबंध रांगच पिवळी झाली होती.

आता हे चष्मेवाले काकूंचे कोण, असं कुणी विचारलं असतं तर काकूंची पंचाईत झाली असती. कारण ते त्यांचे कुणीच नव्हते. काकूंनी त्यांना जन्मात कधी पाहिलं नव्हतं. दगडावर नाव होतं, त्याखाली एक छोटासा चष्मा कोरलेला होता, म्हणून त्यांनी मनातल्या मनात ‘चष्मेवाले’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

काकूंचं स्वतःचं नाव तरी कुठं कुणाला आठवत होतं! राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. उसवलेली शिवण, लांब झालेली पँट, खांद्यात सैल पडलेला कोट, काहीही घेऊन या; काकू कापड उलटंसुलटं करून बघायच्या आणि म्हणायच्या, “एक टीप मारली की झालं.” गल्लीनं त्यांना टीपकाकू करून टाकलं. मागच्या खोलीत त्यांच्या नणंदबाई असायच्या. काकू त्यांना वन्सं म्हणत, म्हणून येणारी-जाणारी गिऱ्हाइकंही त्यांना वन्संच म्हणू लागली होती.

काकूंचा नवरा मालवाहू बोटीवर आचारी होता. लग्न जुनं व्हायच्या आत एका हिवाळ्यात त्याची बोट माल भरून निघाली आणि पुढच्या बंदराला पोचलीच नाही. बोट सापडली नाही, माणसं सापडली नाहीत, साधी एखादी फळीही वाहत आली नाही. बरीच वर्षं ताटकळत ठेवून कंपनीनं शेवटी कळवलं, की बोटीवरच्या सगळ्यांना मृत समजण्यात यावं.

“समजण्यात यावं म्हणे!” वन्सं म्हणाल्या होत्या. “त्यांचं काय जातंय समजायला?”

आई गेल्यावर वन्संनीच या धाकट्या भावाला वाढवलं होतं. बोटीची बातमी आली तेव्हा त्या वहिनीला सोबत म्हणून चार दिवसांसाठी आल्या आणि राहिल्या त्या राहिल्याच. भाऊ येणार, यात त्यांना शंका नव्हती. जेवताना काकू चुकून म्हणून गेल्या, “त्यांना कोबी अजिबात आवडायचा नाही,” की वन्सं ताटातून मान वर न करता दुरुस्त करायच्या, “आवडत नाही.” त्यामुळे या घरात काकूंना रडायची सोय नव्हती. रडायचं तर कुणासाठी? घरात कुणी गेलंच नव्हतं.

त्या काळात एकदा एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून परत येताना काकू दफनभूमीच्या फाटकातून आत शिरल्या. का शिरल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रविवार होता. जो तो आपापल्या माणसाच्या दगडाशी वाकलेला. कुणी शेवाळ खरवडतंय, कुणी फुलं लावतंय, एक म्हातारा तर खुर्ची टाकून पेपर वाचून दाखवत होता. एकट्या काकूच रिकाम्या हातांनी उभ्या. तिथल्या माळ्याला वाटलं, बाई झारीसाठी खोळंबल्यात. त्यानं नळाखालची भरलेली झारी उचलून त्यांच्या हातात दिली. आता नको कसं म्हणायचं? झारी चांगलीच जड होती. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यात जवळ जी कोरडी पडलेली जागा होती, तिथं पाणी ओतलं. दगडावरचा कोरलेला चष्मा ओला होऊन चकाकला. आणि काय झालं कोण जाणे, काकू तिथंच मटकन खाली बसल्या आणि पोटभर रडल्या. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिथं सगळेच रडतात.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. मग जातच राहिल्या. वन्संना सांगायच्या, “कपडे पोचवून येते,” आणि पिशवीत दोन-चार फुलं लपवून निघायच्या. दगड घासायच्या, गवत उपटायच्या आणि चष्मेवाल्यांच्या साक्षीनं नवऱ्याशी बोलायच्या. असा त्यांचा शिरस्ता कितीतरी वर्षं चालला होता. आणि आता हा पिवळा कागद.

दुसऱ्या दिवशी मशीनवर चादर टाकून काकू कार्यालयात गेल्या. खिडकीमागे सर्दीनं बेजार झालेल्या एक कारकूनबाई बसल्या होत्या. काकूंनी जागा सांगितली. बाईंनी संगणकात पाहिलं आणि नाक पुसत विचारलं, “तुम्ही त्यांच्या कोण?”

काकू पिशवीचे बंद चाळवू लागल्या.

“पत्नी?”

“छे छे!”

“मुलगी? सून? बहीण?”

“ओळख आहे,” काकू म्हणाल्या. मग त्यांनाच ते खोटं वाटलं. “म्हणजे, इथलीच.”

कारकूनबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. “ओळखीवर काही करता येत नाही हो. आणि नातेवाईक असता तरी मुदत वाढवून मिळाली नसती. ती सगळी रांगच रिकामी करायचीय. जमीन आहे तेवढीच आहे आणि माणसं काही जायची थांबत नाहीत. घरच्यांना कळवलंय आम्ही. त्यांना दगड हवा असेल तर नेतील.”

“आणि नाही नेला तर?”

बाईंना शिंक आली, ती बराच वेळ आली, आणि उत्तर तिथंच राहिलं.

उत्तर माळ्यानं दिलं. तो आता म्हातारा झाला होता आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. अस्थी नीट गोळा करून पेटीत घालतात, तो म्हणाला, आणि मागच्या बाजूच्या सगळ्यांच्या मिळून असलेल्या तळघरात ठेवतात. तिथं भिंतीवर नावाची छोटी पट्टी लागते. दगडांना मात्र तिथं जागा नाही. चांगले असतील ते तासून पुन्हा वापरतात. बाकीचे पायवाटेला.

“पायवाटेला म्हणजे?”

“म्हणजे ही.” माळ्यानं पायानं जमिनीवर ठकठक केलं. “पालथे घालतो. नावं खाली, पाठ वर. चालायला सपाट बरे पडतात.”

काकू झटकन बाजूला गवतात सरकल्या. इतकी वर्षं त्या वाटेवरून त्या खुशाल चपला वाजवत येत-जात होत्या. घरी परतताना त्या कडेकडेनं, ओल्या गवतातून, कपडे भिजवत गेल्या.

जाताना त्यांनी माळ्याला एवढंच सांगितलं, की चष्मेवाल्यांचं कुणी आलं तर मला कळव, माझं दुकान अमुक ठिकाणी आहे. माळी भला माणूस. त्यानं ते काम मनावर घेतलं आणि जरा जास्तच चोख बजावलं.

आठवड्याभरातली गोष्ट. दुपारची वेळ होती. काकू एका कोटाची बाही टाचत होत्या, वन्सं आत शेंगा सोलत होत्या. दाराशी एक छोटी गाडी येऊन थांबली. तिच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती. गाडीतून पन्नाशी उलटलेली, आखूड केसांची, अंगानं भरलेली एक बाई उतरली. दार आपटून सरळ दुकानात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय द्यायचंय?” काकूंनी टाचण्या ओठांत धरूनच विचारलं.

“तुम्ही ज्यांना चष्मेवाले म्हणता ना, त्यांची मुलगी मी.”

काकूंच्या तोंडातल्या टाचण्या कोटावर सांडल्या. “बसा ना,” त्या गडबडून म्हणाल्या, “बसा, मी चहा...”

“बसायला नाही आले. एकच विचारायचंय. किती वर्षं चाललं होतं?”

“काय चाललं होतं?”

“तुमचं आणि बाबांचं.”

आत शेंगा सोलल्याचा आवाज बंद झाला.

काकूंना आधी त्यातलं काही कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत त्या तापल्या. तोवर वन्सं शेंगांची परात तशीच हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“त्या माळ्यानं सगळं सांगितलंय मला,” ती बाई म्हणाली. शेजारच्या विद्यार्थ्याला ब्रेक दाबायला सांगावं तसा तिचा आवाज होता, पण मधेच तो कापत होता. “दर रविवारी येता. फुलं आणता. तासन्‌तास बोलता. रडता सुद्धा! परक्या माणसासाठी एवढं कुणी रडत नाही. मला संशय होताच हो. आम्ही दुसऱ्या गावी गेलो, येणं कमी झालं, आणि येऊन बघावं तर दगड लखलखीत आणि ताजी फुलं! आई बरोबर असायची. तिला दिसायला नकोत म्हणून मी गाडी लावल्या लावल्या पुढे धावत सुटायचे आणि फुलं उचलून कुंपणापलीकडे टाकायचे. तिला म्हणायचे, पाय मोकळे करत होते. आई गेली बिचारी, तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी.”

“अहो, पण...”

“आधी मी बाबांना सगळं सांगायचे तिथं उभी राहून. नोकरी सोडली, शाळा काढली, सगळं. मग बंद केलं. म्हटलं, यांच्याशी बोलणारी आहे ना दुसरी.”

एवढ्यात वन्संना कंठ फुटला. “ही?” त्या म्हणाल्या. “हिचं लफडं? अहो बाई, ही पुरुषाचं माप घ्यायचं झालं तर टेप त्याच्याच हातात देते आणि पाठ करून उभी राहते!”

“मग त्यांनीच सांगावं ना, काय संबंध ते!”

दोघी काकूंकडे बघू लागल्या. काकूंनी कोट बाजूला ठेवला. एकेक टाचणी वेचून उशीत खोचली. दुसऱ्या कुणासमोर हे कधी बोलावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं आणि वन्संसमोर तर मुळीच नाही. पण समोर ती बाई उभी होती, बापावर रुसून बसलेली, आणि तो रुसवा काकूंच्या फुलांमुळे होता. गप्प बसणं शक्य नव्हतं.

“मी तुमच्या वडिलांना कधी पाहिलंसुद्धा नाही हो,” त्या म्हणाल्या. “माझे यजमान बोटीवर होते. ती बोट बुडाली. म्हणजे बुडालीच असणार. त्यांना पुरायला काही हाती आलं नाही. मला कुठंतरी जायचं होतं. बसायला, बोलायला. सगळ्यांना असतं तसं एक ठिकाण हवं होतं. म्हणून मी तुमच्या बाबांकडे जायचे. बोलायचे ते माझ्या यजमानांशी. तुमचे बाबा आपले ऐकून घ्यायचे.”

“पण बाबाच का?” ती बाई अजून मानायला तयार नव्हती. “एवढे दगड आहेत तिथं. बाबाच का?”

काकूंनी खूप विचार केला, पण खरं ते एकच होतं. “झारी जड होती,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचे बाबा नळाच्या सगळ्यात जवळ होते.”

ती बाई डोळे विस्फारून बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू उसळलं. एवढी मोठी बाई, पण शाळकरी पोरीसारखी खांदे गदगदवून हसायला लागली, हसता हसता गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि हसण्याचं कधी रडणं झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. “नळाजवळ!” ती म्हणत होती. “ती जागा आईनं मागून घेतली होती, पाणी आणायला लांब जायला नको म्हणून. आणि मी... बाबा, अहो बाबा...” काकूंनी हाताला लागला तो अस्तराचा तुकडा डोळे पुसायला तिला दिला.

वन्सं दारातून हलल्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, “बुडालीच असणार, म्हणालीस.”

वन्संनी परात तिथंच जमिनीवर ठेवली, मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दोन-तीन दिवस घरात शब्द फुटला नाही. वन्सं जेवायला येत, जेवत, ताट उचलून जात. काकूंना वाटलं, एवढ्या वर्षांची सोबत आपण एका वाक्यात घालवली. मशीन चालवताना त्यांची शिवण वाकडी जायला लागली, आणि हे त्यांच्या बाबतीत कधी होत नसे.

मग एका संध्याकाळी वन्सं आपण होऊन दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि बटणांचा डबा मांडीवर घेऊन उगाचच बटणं निवडायला लागल्या.

“काय बोलायचीस तिथं?” त्यांनी विचारलं.

“असंच. काय शिवलं, कोण आलं. तुमच्याबद्दल.”

“माझ्याबद्दल काय?”

“तक्रारी,” काकूंच्या तोंडून निसटून गेलं.

वन्संनी चष्म्यावरून पाहिलं. “कसल्या तक्रारी?”

“तुम्ही भाजीत मीठ घातलं का विचारत नाही आणि पुन्हा घालता. रेडिओ मोठा लावता. आणि मला आजारपणात अंथरुणातून उठू देत नाही, त्याचा वैताग येतो.”

“बरं,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी आणखी दोन बटणं डब्यात टाकली. “मला माहीत होतं गं,” त्या मग म्हणाल्या. “दुसऱ्या हिवाळ्यातच माहीत होतं. तो असा नव्हता. कुठंही असता तरी निरोप धाडल्याशिवाय राहिला नसता. पण आई गेली तेव्हा तो एवढासा होता. अंधाराला भ्यायचा. मी त्याला गाणी म्हणून निजवायची. आता त्याच तोंडानं तो गेला असं कसं म्हणू? मी म्हटलं नाही तोवर तो कुठंतरी होता.” त्यांनी एक बटण बोटांत फिरवलं. “त्याला कोबी आवडायचा नाही. खरंच आवडायचा नाही. मी मारून मुटकून खायला लावायची.”

काकू मशीनवरून उठल्या. वन्संच्या पायाशी बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर त्यांनी डोकं टेकलं. दोघींनी मिळून रडायची त्या घरातली ती पहिलीच वेळ. बऱ्याच वेळानं वन्संनी मशीनवरचं एक अस्तर पदरासारखं ओढून नाक पुसलं आणि म्हणाल्या, “मलाही न्यायचंस की तिकडे. एकटी एकटी जात होतीस लबाडे.”

चष्मेवाल्यांची जागा मोकळी करायचा दिवस कार्यालयानं मुलीला कळवला आणि मुलीनं काकूंना. “तुम्ही यायचंच,” ती फोनवर म्हणाली. “माझ्यापेक्षा जास्त तुम्हीच भेटलाय त्यांना.” काकू आणि वन्सं ठेवणीतले कपडे घालून सकाळीच पोचल्या. ऊन कोवळं होतं, रांगेतली बरीचशी माती आधीच वरखाली झाली होती. काम करणारी माणसं अदबीनं वागत होती. त्यांनी भोवती कापडाचा आडोसा केला होता आणि आत काय चाललंय ते बाहेर दिसत नव्हतं. फक्त फावड्याचा आवाज येत होता, तोही जपून. मुलगी मुठी आवळून उभी होती. तिचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता, ब्रेक शोधावा तसा.

पेटी बाहेर आली ती अगदी लहान होती. मुलगी पुढे झाली खरी, पण तिला ती घ्यायला हात उचलवेना. तेव्हा वन्सं पुढे गेल्या. “चल, मी धरते एका बाजूनं,” असं म्हणाल्या, जणू त्या पोरीला त्या जन्मापासून ओळखत होत्या. दोघींनी मिळून पेटी तळघरापर्यंत नेली. काकू फुलं घेऊन मागून चालत गेल्या. भिंतीवर नावाची पट्टी लागली. आपल्या भावासाठी जे करायला मिळालं नव्हतं, ते वन्संनी त्या दिवशी एका अनोळखी माणसासाठी पावलापावलानं केलं. परत येताना त्यांचा चेहरा थकलेला होता, पण सैलावलेला होता.

दगड गवतावर आडवा करून ठेवला होता. मुलगी म्हणाली, “मी तिसऱ्या मजल्यावर राहते. नेऊ कुठं हा? पण पायवाटेला नाही घालू देणार.”

“आमच्याकडे मागे अंगण आहे,” काकू म्हणाल्या. “बोळच म्हणा. पण भिंतीशी उभा राहील.”

माळ्यानं आणि दुसऱ्या एका माणसानं दगड उचलून गाडीकडे न्यायला उभा केला, तशी त्याची पाठ समोर आली. पुढची बाजू घासूनपुसून गुळगुळीत झालेली, पण पाठ तशीच खडबडीत, मातीनं माखलेली, कोरी. वन्सं जवळ गेल्या. तळहातानं माती झटकली. “ही बाजू रिकामीच आहे की,” त्या म्हणाल्या.

माळ्यानं दगड तसाच तोलून धरला.

“तुझ्या वडिलांची हरकत नसेल तर,” वन्सं मुलीकडे न बघता म्हणाल्या, “आमच्या आचाऱ्याला जागा देतील का ते पाठीमागे? तसा तो मनमिळाऊ होता.”

मुलीनं त्यांना मिठीच मारली. वन्संना मिठ्या मारून घ्यायची सवय नव्हती, त्या हात अधांतरी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं बरं, दगड पाडतील ते लोक, तिकडे बघ.”

दगड मागच्या सीटवर आडवा घातला आणि त्याला काकूंनी आणलेल्या जुन्या चादरी गुंडाळल्या. काकू मागे दगडाला धरून कशाबशा मावल्या. वन्सं पुढे बसल्या. गाडी शिकवण्याची असल्यामुळे त्यांच्या पायांशीही ब्रेक होता, आणि तो काय आहे हे माहीत नसताना त्यांनी दोनदा त्यावर पाय दिला. दोन्ही वेळा गाडी भर रस्त्यात गचकन थांबली. मागच्या ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून शिव्या दिल्या. “हळू चालव ना पोरी,” वन्सं म्हणाल्या, “दगड आहे मागे.” मुलगी वर्षानुवर्षं लोकांना गाडी शिकवत आली होती, ती दात चावून म्हणाली, “हो वन्सं.” आणि मागे काकू चादरीत तोंड खुपसून हसत होत्या.

त्या वाटेतच पाथरवटाकडे थांबल्या; पाथरवट बाई होती. तिनं दगड तपासला, पाठ तासून देते म्हणाली आणि मजकूर विचारला. इथं नणंद-भावजयांची जुंपली. काकूंना एक छोटीशी बोट कोरून हवी होती. वन्संनी ठणकावून सांगितलं, बोट नको. “बोटीनंच नेला त्याला. तिचं चित्र कशाला?” काकू म्हणाल्या, मग पळी काढूया, आचारी होते. वन्सं म्हणाल्या, ती चांगली दिसायची नाही, लोकांना फावडं वाटेल. जन्मतारीख दोघींनाही पाठ होती. दुसरी तारीख कुठली घालायची?

“ती नाहीये,” काकू म्हणाल्या.

“बरं झालं नाहीये,” वन्सं म्हणाल्या. “मोकळंच ठेवा.”

पाथरवट बाई पेन्सिल कानाला लावून शांतपणे थांबली होती. तिच्या धंद्यात तिनं अशी भांडणं पुष्कळ पाहिली असणार. “नावाखाली एखादी ओळ?” तिनं विचारलं.

वन्संनी काकूंकडे पाहिलं. “तू सांग.”

काकूंनी थोडा विचार केला. “लिहा,” त्या म्हणाल्या, “‘याची घरी वाट पाहिली.’”

वन्संनी मान हलवली, आणि मग भिंतीकडे तोंड करून तिथले नमुन्याचे दगड फार लक्ष देऊन बघत राहिल्या.

दगड अंगणात उभा राहिला तो भिंतीला टेकून नाही, मधोमध. नाहीतर एकाची बाजू लपली असती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आचारी दिसायचा, कपडे वाळत घालायच्या दोरीकडून चष्मेवाले. वन्संना येता-जाता पाठीवर थाप मारावी तशी दगडावर थाप मारायची सवय लागली. त्या त्याच्याशी मोठ्यानं बोलायच्या, काही लाजायच्या नाहीत. काकूंना मात्र त्यांच्यासमोर जमायचं नाही. त्या वन्सं झोपल्या की दुपारच्या जायच्या. तक्रारी तर अजून होत्याच.

दगड उभा राहिल्यावर मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात फुलं होती. ती अंगणात जाऊन दगडासमोर उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मागे वळून पाहिलं तर दारात काकू आणि वन्सं दोघी कौतुकानं तिच्याकडे बघत उभ्या.

“काय बोलू?” ती म्हणाली. “सवयच गेली.”

“नोकरी सोडली तिथपर्यंत सांगितलंयस ना,” काकू म्हणाल्या, “तिथून पुढे सांग.”

वन्संनी काकूंचा दंड धरला, आत ओढलं आणि दार लोटून घेतलं. दोघी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आधी बाहेर काहीच ऐकू येईना. मग मुलीचा आवाज आला, अडखळत, एखादा नवशिक्या पहिल्यांदा गाडी सुरू करतो तसा. दोनदा बंद पडला आणि मग लागला चालायला. शब्द कळत नव्हते. मधेच ती हसली.

“चहा टाकू का?” काकूंनी कुजबुजत विचारलं.

“थांब जरा,” वन्सं म्हणाल्या. “बरंच साचलंय तिचं.”